बारामतीच्या पत्त्यावर

कळस,
१२ ऑगस्ट २०२५

चि. राजलक्ष्मी,

काल श्रावणी सोमवार. सकाळी उठून मी महादेवाला पाणी घातलं, बेल वाहिला, डेअरीवर दूध दिलं आणि बारामतीची एसटी धरली. तुझी आई म्हणाली, "उपास धरून कुठं निघालाय?" मी म्हणालो, "प्रगतीला बायोची शिकवणी बघून येतो." एवढंच काम होतं. दुपारच्या गाडीनं परत येऊन उसाला खत टाकायचं होतं.

हे पत्र तुझ्या हॉस्टेलच्या पत्त्यावर पाठवलेलं नाही. पाकिटावरचा पत्ता वाचलास तेव्हाच तुला पुढचं कळलं असेल. तरी लिहितो. फोनवर मला हे बोलता येणार नाही. फोन आई स्पीकरवर टाकते, आणि तू तिकडच्या उन्हाच्या गोष्टी सांगायला लागलीस की माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही.

प्रगतीचं तुला माहीत आहे. तुझ्या मागोमाग तिनं सायन्स घेतलं. बाकीचे विषय कसेबसे रेटते, पण बारावीच्या पहिल्याच चाचणीत बायोत आपटली. "ताई इथं असती तर मला शिकवलं असतं," म्हणून रडली. मी म्हटलं, ताई नाही तर ताईसारखं कोणीतरी शोधू.

स्टँडच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानात दोन पोरी उभ्या होत्या. पाठीला दप्तरं बघून त्यांनाच विचारलं. एक म्हणाली, "काका, फिजिक्सला कुणीबी चालतंय. बायोला राजलक्ष्मी मॅडमच."

"लई वरडत्यात का?"

"वरडत न्हाईत. पण कळल्याबिगर सोडत न्हाईत. त्यापेक्षा वरडलेलं परवडलं."

नाव ऐकून मला बरं वाटलं. वाटलं, महादेवानंच गाठ घालून दिली. मी त्या पोरींना फुशारकीनं सांगितलंसुद्धा, "माझ्या थोरलीचंबी हेच नाव. ती डॉक्टरकी शिकतीय, तिकडं विदर्भात." त्यावर दुसरी म्हणाली, "मग मॅडमला सांगा, खूश हुतील."

मोबाईलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर क्लास. जिना चढलो. दाराबाहेर पोरांच्या चपला होत्या, म्हणून मीही काढल्या. आत तास चालू होता. दार लोटलेलं होतं. मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि आवाज आला.

"मे महिन्यात दुपारी बारा वाजता तुम्ही काय करता?"

"झोपतो!" सगळा वर्ग ओरडला.

"गहू, भात तुमच्यासारखेच. ऊन चढलं की पानांची तोंडं मिटून घेतात आणि काम मंद करतात. पण ऊस? माझे वडील मला बांधावर उभं करून सांगायचे, 'बघ, आपण सावली शोधतोय आन् हा बाबा उन्हात जेवतोय.' तो उन्हात कसा जेवतो, ते आज आपण पानाच्या आत शिरून बघायचं."

पोरं हसली. राजलक्ष्मी, ते बोलणं माझं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी मी असलं कधी बोललो नाही. उसाबद्दल असलं बोललो तर भावकी हसेल.

तरी माझं मन म्हणालं, आवाजाला आवाज मिळतो. दाराला काचेची पट्टी आहे, तिथून बघितलं. तू पाठमोरी फळ्यावर उसाचं पान काढत होतीस. डाव्या हातानं. वेणीत तुझ्या आईनं दिवाळीला आणलेली जांभळी पट्टी. तू वळलीस तेव्हा मी खाली बसलो. लपायला बसलो नाही.

एक गृहस्थ वर आले. नीळकंठ सर म्हणून क्लासचे मालक आहेत ते. "पालक का? बसा की आत खुर्चीवर. जिन्यात काय बसलाय?"

मी विचारलं, "ह्या बाई कुठल्या?"

"इंदापूरकडच्याच. मेडिकलला होत्या, सोडून आल्या. आमचं नशीब म्हणायचं. दुसरं वर्ष चालू आहे इथं. फक्त फ्लेक्सवर फोटो लावू देत नाहीत. अहो, बारामतीत मास्तराचा फोटो नसला की लोकांना क्लास बंद पडला वाटतो! मी हात टेकले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला बरं नाही का? पाणी देऊ?"

मी "चुकून आलो" म्हणालो आणि उतरलो. स्टँडवर पोचेपर्यंत पायात काही नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. तुमच्या जिन्यात जुनी चप्पल पडली असेल, ती माझी.

काल संध्याकाळी तुझा फोन आला. आईनं विचारलं, "तिकडं पाऊस हाय का?" तू म्हणालीस, "न्हाय गं, उकडतंय नुसतं." मी तिथंच बसलो होतो. बारामतीत दुपारी सर आली होती, माझा सदरा अजून दांडीवर ओला होता.

रागावू की रडू हेच मला समजत नाही, म्हणून दोन्ही केलेलं नाही. आईला सांगितलेलं नाही. उत्तर घरी पाठवू नकोस. पोस्टमन देवळापाशी चहाला थांबतो. महादेव मंदिर, कळस असं लिही, माझ्या हातात येईल.

तुझा,
तात्या


कळस,
२० ऑगस्ट २०२५

चि. राजलक्ष्मी,

तुझं पत्र मिळालं. देवळाच्या पायरीवर वाचलं, मग गाभाऱ्यात जाऊन परत वाचलं.

तू लिहितेस, पहिलं वर्ष कसंबसं काढलंस, एका विषयात राहिलीस, आणि मग एके दिवशी कॉलेजच्या पायऱ्यांपाशी गेलीस तर चढताच येईना. कुणी काही बोललं नव्हतं, कुणी त्रास दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी परत गेलीस, परत तेच. "तात्या, मला कारण सांगता येत नाही, म्हणूनच मी कुणाला सांगू शकले नाही," असं लिहिलंस. मी माणूस साधा. मला वाटायचं दुःखाला कारण असतंच. या एका वाक्यावर मी दोन दिवस अडकलोय.

तुझ्या खोलीतली श्रिया तुला सुट्टीपुरती बारामतीला घेऊन आली, तिच्या मामांचा हा क्लास, तिथं तू गंमत म्हणून एक तास घेतलास आणि राहिलीस. आता मुक्त विद्यापीठातून पदवीही करते आहेस. हे सगळं कळलं. मला उमजत नाही ते वेगळंच. बारामती आपल्या या हाताला, इंदापूर त्या हाताला. आणि तू प्रत्येक सणाला बारामतीहून आधी इंदापूरला जाऊन, स्टँडवर पिशव्या घेऊन, लांबून आल्यासारखी माझी वाट बघत उभी राहायचीस. मी विचारायचो, "लई दमलीस का?" तू म्हणायचीस, "रातभर गाडीत होते." तेव्हा तुझ्या डोळ्यांत काय असायचं ते आठवायला बघतोय, आणि मला फक्त पिशव्या आठवतात.

गेल्या दिवाळीला तू सांगायचं ठरवून आली होतीस, हेही तुझ्या पत्रातूनच कळलं. आणि मी काय केलं? भावकीतल्या युवराजची गाडी घेऊन इंदापूरला आलो. गावच्या वेशीवर त्यानं लावलेला फ्लेक्स, "कळसच्या सुकन्या डॉ. राजलक्ष्मी." एकच वर्ष झालेलं, पण आपल्याकडे कॉलेजात नाव लागलं की माणूस डॉक्टर होतं. देवळासमोर शाल, नारळ, फेटा. तानूबाई सुजलेला पाय घेऊन पुढं आली, "बघ गं बाय, सुई कुठं टोचायची?" तू म्हणालीस, "मावशे, इंदापूरला दवाखान्यात जा, मला अजून येत न्हाय." लोक म्हणाले, बघा, केवढी नम्र पोरगी!

मी सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो.

आता फोनचं. काल आईनं विचारलं, "आज किती पेशंट बघितलं?" तुला माहीत होतं की मी बाजूला बसलोय आणि मला सगळं ठाऊक आहे. तू म्हणालीस, "आज तासच होते, आई." माझा घास घशात अडकला. आई पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "अगं, तुझ्या तात्याला ठसका लागलाय, काय द्यू?" तू म्हणालीस, "पाणी." बस्स. दोघंही आपण तिच्यासमोर नाटक करतोय, आणि ती बिचारी मध्ये बसून दोघांची काळजी करते.

गेल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. लिहायची हिंमत झाली नाही. बारामतीला गेलो त्याच्या आदल्याच दिवशी युवराज लासुर्ण्याच्या आबाजींना घेऊन घरी आला होता. त्यांचा रविराज डॉक्टर आहे, गावातच दवाखाना. आबाजी ओसरीवर बसले आणि सरळ म्हणाले, "मानसिंगराव, देणंघेणं आमाला काय नगं. डॉक्टरला डॉक्टर पायजे, एवढंच. दोघांनी मिळून दवाखाना मोठा करावा." तुझ्या आईनं तिथल्या तिथं शिरा टाकला. मीही होकारासारखी मान हलवली. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि शिरा खाऊन झालेला आहे.

पितृपंधरवडा लागायच्या आत ठरवायचं म्हणतात. आबाजी देवाधर्माचा माणूस. त्यांनी एकच अट घातली. आपल्या महादेवाला कौल लावायचा. उजवा आला तर सुपारी फोडायची.

या गोष्टीचं काय करायचं ते लिही.

तात्या


कळस,
३० ऑगस्ट २०२५

चि. राजलक्ष्मी,

तुझं दुसरं पत्र वाचून मी जास्तच घाबरलो आहे. पहिल्या पत्रात तू रडत होतीस. यात तू अगदी शांत आहेस. "मी कॉलेजात चौकशी केली आहे, परत घेतील. राहिलेला विषय देईन, पुढची वर्षं काढेन. क्लास सोडते असं नीळकंठ सरांना सांगितलं आहे. ८ तारखेला निघते. लासुर्ण्याच्या लोकांना शब्द द्या. तुमची मान खाली जाणार नाही." असं लिहिणारी मुलगी माझ्या ओळखीची नाही. ज्या पायऱ्या चढता येत नव्हत्या त्या तू माझ्या मानेसाठी चढणार. आणि पुढं? जन्मभर चढतच राहणार?

तू हे लिहिलंस म्हणून मी आईला सांगितलं. आता एकट्यानं पेलवेना.

गोठ्यात धार काढत होती. मी सगळं सांगेपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाली, "जिवंत हाय न्हवं?"

"हाय की. बारामतीत हाय म्हणतोय मी."

"मग आधी तेवढं सांगायचं. 'राजलक्ष्मीचं एक कळलंय' असं म्हणून सुरुवात करत्यात व्हय? माझा जीव गेला हुता." आणि धार पुरी करून उठली. उठताना म्हशीला म्हणाली, "ऐकलंस का गं, तीस किलोमीटरवर बसून पोरगी मला रोज उन्हाचं सांगतीय." मग हसली. मग पदर तोंडाला लावून जी बसली ती चूल पेटवायलाही उठली नाही.

संध्याकाळपर्यंत मात्र तिचं डोकं माझ्यापेक्षा चालायला लागलं. "कौल लावायचाय न्हवं? तुमीच लावणार. डावा आला म्हणायचं. आबाजी देवाच्या पुढं काय बोलत न्हाईत. त्यांचं मन मोडत न्हाय, पोरीची इज्जत जात न्हाय. मग सावकाश बघू."

राजलक्ष्मी, मी तिला "नको" म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

तुला कौल माहीत आहे, लहानपणी माझ्या शेजारी बसून बघायचीस. पिंडीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा, आणि कुठली आधी गळते ते बघायचं. उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. इतकी वर्षं मी लोकांचे कौल लावले. विहीर खणू का, पोराला पुण्याला धाडू का, वाटणी करू का. हात कधी कापला नाही.

आज सकाळी आबाजी आणि युवराज समोर बसले. मी पाकळ्या घेतल्या. डावी नुसती टेकवली. उजवी दोन थेंब जास्त लावून अंगठ्यानं दाबली. माझा अंगठा दाबताना मला दिसत होता. दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा मी त्याच्याकडे बघत होतो. तीस वर्षं ज्या पिंडीला पाणी घालतोय त्या पिंडीला मी फसवायला निघालो होतो, आणि तोंडानं मंत्र चालू होता.

घंटा थांबली. गाभाऱ्यात पाण्याचे थेंब तेवढे पडत होते.

आणि उजवी पाकळी गळाली. टेकवलेली डावी तशीच राहिली.

आबाजींनी डोळे मिटून हात जोडले. युवराजनं "हर हर महादेव" म्हणून माझ्या पाठीत एवढी जोरात थाप मारली की मी पिंडीवरच पडणार होतो. आबाजींनी खिशातून पुडी काढली आणि माझ्या तोंडात साखर घातली. "मानसिंगराव, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. पोरीच्या बापाचं असंच हुतं." मी साखर गिळली. त्याक्षणी खरं बोलायला हवं होतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "उजवा." ती म्हणाली, "तुमाला एक काम नीट जमत न्हाय." मग माझ्याकडे बघून पाणी आणायला उठली.

देव रागावला असेल असं मला वाटत नाही. त्यानं माझी पळवाट तेवढी बंद केली. दिवसभर देवळात बसून एवढंच समजलं.

८ तारखेआधी कुठं जाऊ नकोस. माझ्या पत्राची वाट बघ. ही मी बाप म्हणून केलेली विनंती समज, आज्ञा नव्हे. आज्ञा द्यायचा अधिकार सकाळीच पिंडीपाशी घालवला.

तात्या


बारामती,
४ सप्टेंबर २०२५

चि. राजलक्ष्मी,

हे पत्र तुमच्या क्लासखालच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. टपरीवाल्याला वाटतंय मी अर्ज लिहितोय. "काका, तहसीलला का?" म्हणून दोनदा विचारून झालं.

परवा लासुर्ण्याला गेलो. युवराजला नेलं नाही. आबाजी झोपाळ्यावर बसले होते, रविराज दवाखान्यातून जेवायला आलेला. मला बघून आबाजींनी आत हाक दिली, "अगं, व्याही आलं, पाट मांडा."

मी पाटावर बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. पोरगी डॉक्टर नाही, होणारही नाही, कॉलेजच्या पायऱ्या तिला चढवेनात, दुसरं वर्ष झालं बारामतीत पोरांना बायो शिकवते, मला श्रावणात कळलं आणि शनिवारी कौल लावताना मला ठाऊक होतं. एवढं बोलून दम लागला.

आबाजींचा झोपाळा थांबला. "काय बोलताय तुमी? आन् देवानं उजवा दिला की हो!"

"दिला."

"मग देव खोटा का काय?"

मी म्हणालो, "आबा, तुमी देवाला पोरगी करावी का म्हणून इचारलं. ती डॉक्टर हाय का, हे त्याला कुणी इचारलंच न्हाय. ते मला इचारायचं हुतं, आन् मी गप बसलो."

मग मात्र त्यांचा तोल गेला. माणसं फसवता, देवळात बसून फसवता, गळ्यात माळ कशाला घालता, असं बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. आतून बाई बाहेर आल्या, त्यांच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं तसंच राहिलं. शेवटी आबाजी म्हणाले, "उठा आता." मी उभाच होतो.

रविराज फाटकापर्यंत आला. मला वाटलं, तोही बोलणार. त्यानं माझ्या गाडीला किक मारून दिली, कारण माझ्यानं ती लागेना. मग म्हणाला, "काका, त्या पायऱ्या मला ठावक हायत. मी चढलो. चढलो म्हंजे चांगलंच केलं, असं कुठं लिहून ठेवलंय?" आणि आत गेला. त्या पोराचा मला अर्थ लागला नाही. पण रस्ताभर तेच कानात होतं.

गावात सांगायचं राहिलं होतं. काल गणपतीच्या मांडवात संध्याकाळची आरती झाली, प्रसाद वाटायच्या आधी मी पुढं गेलो. युवराजला वाटलं, मी सुपारी फुटल्याचं सांगणार. त्यानं माईक आणून दिला. मी माईक बाजूला ठेवला आणि सांगितलं. दोनच वाक्यं जमली.

युवराज पहिला बोलला. "तात्या, आरं मग माझा फ्लेक्स!"

मागून कुणीतरी खुसखुसलं. एकजण म्हणाला, "आता कळसची सुकन्या मास्तरीण म्हणून लाव." दुसरा म्हणाला, "गावाला फसवलं की." कुजबूज वाढली. मग तानूबाई उठली, पाय ओढत पुढं आली. म्हणाली, "मला तिनं सांगितलं हुतं, मावशे, इंदापूरला जा, मला येत न्हाय. तुमीच सगळी हसला. ती खोटं बोलली न्हाय, तुमाला ऐकायचं न्हवतं." आणि मला म्हणाली, "प्रसाद दे, मला उभं ऱ्हावत न्हाय."

सगळं गोड झालं असं समजू नकोस. आज सकाळी डेअरीवर दोघांनी माझ्याकडं बघितलं नाही. देवळात एक बाई नातवाचा कौल लावायला आली होती. मला बघून म्हणाली, "उद्या येते." कदाचित ती येणार नाही. आता मीही कौल लावणार नाही. रोजचं पाणी मात्र घालीन.

आणि प्रगती. तिला मी मांडवात सांगायच्या आधी घरी सांगितलं. मला वाटलं, रडेल. ती तर पेटलीच. "म्हंजे ताई हितं बारामतीत हुती, आख्ख्या बारामतीला बायो शिकवत हुती, आन् मी घरात बसून नापास हुत हुते? तात्या, मला आधी तिच्याशी भांडायचंय, मग बाकीचं." रात्रभर बडबडत होती. सकाळी माझ्याआधी आंघोळ करून, दप्तर भरून तयार.

आई आली नाही. तिनं फक्त एवढं सांगायला सांगितलंय, संध्याकाळी फोन कर, आणि बारामतीचं ऊन-पाऊस सांग.

आम्ही दोघं वर गेलो होतो. तू अजून आली नव्हतीस. नीळकंठ सरांनी मला ओळखलं. "तुम्ही तेच ना, जिन्यात बसलेले? आता प्रवेश घेऊन उपयोग नाही हो, मॅडम येत्या सोमवारी चालल्या."

मी म्हणालो, "निघत न्हाईत."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही मॅडमचे कोण?"

"वडील," मी म्हणालो. सरांनी खुर्ची पुढं केली. या वेळी मी बसलो. प्रगतीचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, पालक म्हणून माझं नाव सांगितलं. सर माझ्याकडे बघतच राहिले, मग उठून त्यांनी स्वतः आत जाऊन पुढच्या बाकावर जागा केली.

तुला परत जायचंच असेल, तुझ्या मनानं जायचं असेल, तर मी स्वतः सोडायला येईन. पण आमच्यासाठी जायचं आता काही शिल्लक राहिलेलं नाही. लासुर्ण्याचा शब्द गेला, गावाचा फ्लेक्स गेला. तुझा रस्ता अडवून धरेल असं मी काही ठेवलं नाही.

आता तू रस्ता ओलांडून येते आहेस, मला इथून दिसते आहेस. हातात पुस्तकं आहेत, मान खाली. मी हाक मारत नाही. तुझा तास आहे. हे पत्र टपरीवाल्याच्या हाती तुझ्या टेबलावर पाठवतोय. आत गेलीस की पुढच्या बाकावर एक रागावलेली मुलगी बसलेली असेल. तिचा प्रवेश मी केला आहे.

तात्या